घरातील दुसरा संगणक



या व्यासपीठावरून आपण इतिहास ऐकता, अर्थकारण ऐकता, संतवाङ्मयही ऐकता. त्या मानाने माझा विषय अगदीच प्रापंचिक आहे. घरात एक संगणक असताना दुसरा, हलका आणि रोजच्या वापराचा लॅपटॉप घ्यावयाचा झाल्यास तो कसा निवडावा, एवढेच मला सांगावयाचे आहे. मी या विषयातला पंडित नव्हे. दोनदा पैसे मोजले आणि त्यांपैकी एकदा ते वाया घालविले, एवढाच माझा अधिकार.

वाया गेलेल्या पैशांची हकीकत आधी सांगतो. २०२० साली सारे जग घरात कोंडलेले असताना आमचा एकुलता एक लॅपटॉप सकाळी नऊपासून मुलाच्या कचेरीच्या कामात अडकून पडे. माझी पत्नी निवृत्त शिक्षिका. तिला महिला मंडळाचे हिशेब ठेवावयाचे, सभांची इतिवृत्ते लिहावयाची आणि संध्याकाळी परदेशातल्या भाचीशी बोलावयाचे. मी मनाशी म्हटले, काम दुय्यम आहे, तेव्हा यंत्रही दुय्यम चालेल. आणि दुकानातला सर्वांत स्वस्त, सर्वांत हलका लॅपटॉप उचलून आणला. त्यात रॅम ४ जीबी आणि साठवण ६४ जीबी.

वर्षाच्या आत ती साठवण भरली. विंडोजची नवी सुधारणा उतरवून घ्यावयास जागा उरेना, आणि यंत्र उघडावे तेव्हा जागेचाच तगादा! भाचीचा चेहरा पडद्यावर आला की हिशेबाचे पान गोठे. पत्नीने तक्रार केली नाही. एके दिवशी ते यंत्र मला कपाटात, जुन्या दिवाळी अंकांच्या खाली सापडले. विचारले, तर म्हणाली, "अहो, वहीत लिहिलेले बरे. मला वाटले, मलाच जमत नाही." हे शेवटचे वाक्य मला फार लागले. दोष यंत्राचा, निवड माझी, आणि शरम तिने बाळगावयाची!

ही चूक मी एकट्यानेच केली असे मात्र नाही. २००७ च्या ऑक्टोबरात तैवानच्या असूस कंपनीने 'ईई पीसी' नावाचा चिमुकला लॅपटॉप बाजारात आणला. पडदा सात इंचांचा, वजन किलोच्या आत. लोकांच्या उड्या पडल्या. 'नेटबुक' या नावाने अशा यंत्रांची एक जातच निर्माण झाली. पण बोटे चेपून टंकावे लागे, पाने सारखी वरखाली सरकवावी लागत, आणि यंत्र मंद. २०१० साली आयपॅड आला आणि पुढच्या तीनचार वर्षांत नेटबुकांचा बाजार उठला. २००८ च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्ज यांनी पाकिटातून बाहेर काढून दाखविलेला मॅकबुक एअर १.३६ किलोचा, म्हणजे नेटबुकाहून जड होता. परंतु त्याचा पडदा १३ इंचांचा आणि कळफलक पुरत्या मापाचा होता. त्याचे वंशज आजही विकले जातात. वजन कमी करावे, पण डोळ्यांना आणि बोटांना लागणारी जागा कापून नव्हे.

तेव्हा आज काय पाहावे? तेरा-चौदा इंचांचा पडदा आणि सव्वा ते दीड किलो वजन हे माप घरासाठी मला योग्य वाटते. वजन छापील पत्रकावर वाचू नका, एका हाताने उचलून पाहा; स्वयंपाकघरातून गॅलरीत नेताना एकच हात मोकळा असतो. चार्जरचे वजन पत्रकात बहुधा धरलेले नसते. तो यूएसबी-सी पद्धतीचा असेल तर बरे, घरात एकच चार्जर पुष्कळदा दोघांना पुरतो. पंखा असलेल्या कित्येक लॅपटॉपांना हवा खालून लागते; गादीवर किंवा रजईवर ठेवले की त्यांचा श्वास कोंडतो.

पडद्याची परीक्षा इंग्रजी पानावर करू नये. मराठी वर्तमानपत्राचे पान उघडावे आणि बसल्या अंतरावरून रफार, अनुस्वार व जोडाक्षरे सुटी दिसतात का ते पाहावे. १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचे स्वस्त पडदे येथेच उघडे पडतात. कळफलकावर देवनागरी अक्षरे छापलेली नसली तरी बिघडत नाही. इन्स्क्रिप्ट रचनेत स्वर डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला, एवढे ध्यानात आले की थोड्या सरावाने बोटे वळतात.

रॅम ८ जीबीपेक्षा कमी घेऊ नये, कारण हलक्या यंत्रांत ती बहुधा पाटीवरच झाळून टाकलेली असते, मागाहून वाढविता येत नाही. साठवण २५६ जीबीची आणि एसएसडी असावी. बॅटरीवर 'वॉट-अवर' असा आकडा असतो, तो विचारावा. बॅटरी ५० वॉट-अवरची असेल आणि वाचन-लेखनाला सात वॉट लागत असतील, तर सात तास मिळतील. हा साधा भागाकार आहे. जाहिरातीतले तास मी सोडून देतो.

नुसते वाचणे, पत्रे लिहिणे आणि बोलणे एवढेच असेल तर क्रोमबुकही चालेल. मात्र त्याच्या सुधारणा कोणत्या तारखेला बंद होणार ते खरेदीपूर्वी पाहावे. २०२३ साली गूगलने दहा वर्षांच्या सुधारणांचे आश्वासन दिले, पण ती वर्षे आपल्या खरेदीपासून मोजली जात नाहीत. ते मॉडेल ज्या यंत्ररचनेवर बांधले ती बाजारात आली तेव्हापासून मोजली जातात. सवलतीत मिळणारा जुना माल अर्धे आयुष्य काढून आलेला असू शकतो.

कोणी विचारील, मुलाचा जुना लॅपटॉप आहे, तोच आईला द्यावा काय? द्यावा, पण नीट करून. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविली तर जुने यंत्रही चपळ होते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ न चालणाऱ्या यंत्रावर लिनक्स घालता येते. मात्र ते घालून देणाराने पुढचे दोन महिने हाकेच्या अंतरावर राहिले पाहिजे.

दुसऱ्या खेपेस मी दुकानात पत्नीला घेऊन गेलो, आणि गप्प बसलो. तिने खुर्ची मागून घेतली, एकेक यंत्र मांडीवर ठेवून मंडळाच्या इतिवृत्ताची पहिली ओळ प्रत्येकावर मराठीत टंकली. पाऊण तास गेला. दुकानदाराने मला हळूच विचारले, "साहेब, घरी वापरायलाच ना?" उत्तर तिनेच दिले, "हो, म्हणूनच." चौथे यंत्र तिने घेतले. आता मुलाचा लॅपटॉप दुरुस्तीला गेला की तो आईकडे तिचा मागतो, आणि तिचे हिशेब आटोपेपर्यंत थांबतो.