गावाची पाहणी
(छावणी येथील शिक्षक संमेलनात केलेले भाषण)



आपण आज खाम नदीच्या काठी जमलो आहोत. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने या शहराला पाणी दिले, ते डोंगरपायथ्याशी झिरपलेले पाणी भूमिगत नहरेने आणून. पुढे तशाच एका नहरेवर पाणचक्की फिरली. हे भूमी पारखून केलेले काम होय. आपल्या गावाची अशी पारख आपण विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी, ही माझी विनंती आहे.

मराठवाडा म्हणजे दुष्काळ, एवढे म्हणून आपण थांबतो. १९७२च्या दुष्काळात माझी आई खडी फोडावयास जात असे आणि सुकडी घरी आणीत असे. तेव्हा दुष्काळाचे विस्मरण मला होणे नाही. परंतु ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीच्या जड भिंतींखाली माणसे दडपली गेली, आणि ऑगस्ट २००६मध्ये जायकवाडीतून सोडलेल्या पाण्याने पैठणात पूर आला. एकाच संकटाकडे डोळे लावले म्हणजे इतर संकटे पाठीमागून येतात.

माझीच चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी, परतीचा पाऊस सुरू झाला असता, शेतातून आणलेली मुले मी लिंबाच्या झाडाखाली उभी केली. वीज शेजारच्या बांधावर पडली. मुले वाचली, त्यात माझे कर्तृत्व काही नव्हते. गडगडाट ऐकू येताच पक्की इमारत गाठावी व शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये, हे मला कोणी सांगितले नव्हते. आपल्या शिवारात असा निवारा कोठे आहे, हे मुलांनी नकाशात दाखवावे.

त्याच नकाशात ओढ्याच्या पुराची खूण असावी. ती वृद्धांना विचारावी. बहात्तर साली कोणती विहीर आटली नाही, हेही विचारावे. नळ आल्यापासून अशा विहिरींत केरकचरा टाकला जातो. तसे आढळल्यास ती गोष्ट ग्रामसभेत अवश्य मांडावी.

स्वावलंबनाचे गणित वर्गातच करता येते. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या छपरावर सातशे मिलिमीटर पडला, तर सत्तर हजार लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी छप्पन्न हजार उरतात. शंभर मुलांना प्रत्येकी दोन लिटरप्रमाणे ते दोनशे ऐंशी दिवस पुरतात. अर्थात त्यास टाकी हवी व पाणी गाळून शुद्ध करणे आले. पण आकडा पाहून पालक विचार करू लागतात. धान्याचेही तसेच. घरची ज्वारी व गुरांचा कडबा किती महिने पुरतो, हे मुले घरी विचारतील. कपाशी व मका पेरणाऱ्या घरांतून कदाचित उत्तर येणार नाही. तेही वहीत लिहावे.

पुढील शिक्षण परिषदेस प्रत्येक शाळेने आपला नकाशा आणावा. तो मुलांच्या हातचा असावा, वाकडातिकडा असला तरी चालेल. न आटलेल्या विहिरीचे नाव मात्र त्यावर असावे.