होडीच्या गाड्याचे वंगण
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून विद्या, एकी आणि काटकसर यांविषयी आपण दरवर्षी ऐकत आला आहात. आज आम्ही ग्रीसविषयी बोलणार, असे चिटणीसांनी जाहीर करताच मागच्या रांगेत हशा पिकला. त्याचा आम्हांस राग नाही. काही वर्षांपूर्वी आम्हीही हसलोच असतो.

आपल्या आजोबांच्या काळी होडी किनाऱ्यावर ओढावयाची ती ओंडक्यांवरून आणि दहावीस माणसांच्या खांद्याच्या बळावर. आता लहान फायबरची होडी दोन चाकांच्या ट्रेलरवर चढते आणि ट्रॅक्टरमागून घरापर्यंत येते. माणसांचे कष्ट वाचले. परंतु सारा भार मुठीएवढ्या बेअरिंगांवर आला, हे आपण विसरलो.

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही आमच्या बंधूंची होडी अशीच घरी आणीत होतो. उतारावर डावे चाक हबासकट निखळले. होडी कलंडली, तिचा तळ फुटला आणि ट्रेलरवर बसलेल्या आमच्या पुतण्याचा पाय मोडला. पोर बरे झाले, ही ईश्वराची कृपा. परंतु त्या वर्षी नारळी पौर्णिमेला सर्वांच्या होड्या पाण्यात गेल्या. आमची मात्र अंगणात पडून होती आणि कर्जाचे हप्ते थांबत नव्हते. हब उघडून पाहिला, तर आत वंगण नव्हतेच. तांबूस खारट पाणी आणि रोलरांचा चुरा, एवढेच हाती आले. आणि ग्रीस भरले होते कोणी? आम्हीच. म्हणून दोष कोणास द्यावा, हा प्रश्नच उरला नाही.

मग जाणत्या मेस्त्र्यांकडून जे शिकलो, ते आपणांपुढे ठेवतो.

प्रथम पाणी आत शिरते कसे, ते पाहू. रस्त्यावरून धावून आलेला हब तापलेला असतो. तो तसाच समुद्रात बुडविला की आतील हवा एकदम थंड होऊन आकसते आणि सीलच्या फटीतून खारे पाणी आत ओढून घेते. म्हणून धक्क्यावर पोहोचताच ट्रेलर पाण्यात घालू नये. हब हाताला गार लागेपर्यंत थांबावे. अर्धा तास गेला तरी भरती कोठे पळून जात नाही.

दुसरी गोष्ट ग्रीसच्या निवडीची. ग्रीस म्हणजे तेल धरून ठेवणारा एक प्रकारचा साबण होय. तेल वंगणाचे काम करते. साबण त्याला जागेवर राखतो. हा साबण कशाचा, यावर सारे अवलंबून आहे. सोडियमचा साबण पाण्यात विरघळतो. तो आपल्या कामाचा नाही. साधे कॅल्शियमचे ग्रीस पाण्याला दाद देत नाही, पण चाकाच्या उष्णतेने पातळ होऊन वाहू लागते. लिथियमच्या ग्रीसचे पेटंट अमेरिकेत १९४२ साली दिले गेले. उष्णता आणि पाणी ही दोन्ही ते बऱ्यापैकी सोसते, म्हणून ते सर्वत्र रूढ झाले. वारंवार खाऱ्या पाण्यात बुडणाऱ्या चाकांस लिथियम कॉम्प्लेक्स किंवा कॅल्शियम सल्फोनेट या जातींचे, गंजरोधक ग्रीस अधिक चांगले. डब्यावर चाकाच्या बेअरिंगसाठी योग्य आणि पाण्यास टिकणारे, असे दोन्ही उल्लेख पाहावेत. घट्टपणाचा क्रमांक बहुधा २ असावा. ट्रेलर बनविणाऱ्याने दुसरा सांगितला असेल तर तो पाळावा. रंगावर मात्र जाऊ नये. लाल, निळा, हिरवा हा केवळ घातलेला रंग असतो. त्यावरून जात कळत नाही.

आमची मोठी चूक येथेच झाली. जुन्या ग्रीसवर हाती लागले ते दुसरे ग्रीस आम्ही दाबून भरले. काही जातींचे ग्रीस एकमेकांशी जमत नाही. मिसळताच पातळ होऊन बाहेर येते. जात बदलावयाची तर जुने ग्रीस पूर्ण काढलेच पाहिजे.

आता भरण्याची रीत. चाक जॅकवर उचलून खाली भक्कम टेकू द्यावा. दोन्ही बेअरिंगे काढून डिझेलमध्ये धुवावीत आणि स्वच्छ फडक्याने पुसून पूर्ण कोरडी करावीत. हवेच्या झोताने ती गरगर फिरवू नयेत. रोलरवर खड्डे, गंज किंवा जळाल्याचा निळा डाग दिसला, तर बेअरिंग आणि त्याची बाहेरची वाटी ही दोन्ही बदलावीत. मग तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबीत जावे. दुसऱ्या बाजूने रोलरांच्या फटींतून ग्रीस डोकावू लागले म्हणजे ते आतपर्यंत पोहोचले. वरून चोपडलेले ग्रीस हा केवळ देखावा होय. वाटीला आणि सीलच्या ओठाला पातळ लेप द्यावा. मागचे सील प्रत्येक वेळी नवेच घालावे. त्याची किंमत होडीच्या एका दिवसाच्या डिझेलपुढे काहीच नाही. ब्रेक असल्यास त्यांस ग्रीसचा स्पर्श होऊ देऊ नये.

नट आवळताना चाक फिरवीत राहावे, म्हणजे बेअरिंग नीट बसते. मग नट सैल करून केवळ बोटांनी लागेल इतकाच लावावा आणि नवी पिन घालावी. फार आवळलेले बेअरिंग जळते आणि फार सैल ठेवलेले ठोके खाते. टोपीवर निपल असेल तर ग्रीस गनने हळूहळू भरावे. जोर केल्यास मागचे सील उडते. निपल आहे म्हणून हब वर्षातून एकदा उघडण्याचे टाळू नये. उघडल्यावर ग्रीस दुधाळ दिसले, तर पाणी शिरले असे निश्चित समजावे.

शेवटची गोष्ट वेळेची. १ जूनपासून मासेमारी बंद होते आणि होड्या वर येतात. आपली रीत अशी की चाकांची आठवण श्रावणात, नारळी पौर्णिमेच्या तोंडावर व्हावी. तोवर आत शिरलेल्या खाऱ्या पाण्याने दोन महिने बेअरिंग खाल्लेले असते. हे म्हणजे बैल गेला आणि झोपा केला! होडी वर येताच, त्याच आठवड्यात, हब उघडावा.

जुने गाडीवान आखाखाली वंगणाचे नळकांडे टांगल्यावाचून गाडी जुंपीत नसत. बैलाइतकीच काळजी ते आखाची घेत. तो संस्कार आपण हरवू नये. आळीआळीने मिळून एक चांगला जॅक, एक ग्रीस गन आणि एकाच जातीचा डबा ठेवावा, आणि तरुणांनी हे काम वडीलधाऱ्यांसमवेत करावे, इतकीच आमची विनंती. भगिनींसही आम्ही सांगतो, घरच्या हिशेबात सीलचे पैसे आधी बाजूस काढा आणि ट्रेलरवर कोणत्याही पोराला बसू देऊ नका.