डब्याला कळतं का, काय पडलं ते?

ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करा, असं कचऱ्याबाबतच्या २०१६च्या नियमांनी सांगितलं. नवी मुंबईनं ते बऱ्यापैकी अंगवळणी पाडलं. २०२०च्या स्वच्छ सर्वेक्षणात, मोठ्या शहरांत ती तिसरी आली. पण वाशी स्टेशनाबाहेर लोकल गाठायला धावणारा माणूस डब्याचा रंग कुठला बघतोय? मग डब्यालाच ओळखायला शिकवलं तर?

रचना सोपी आहे. तोंडाशी एक झडप, खाली तीन कप्पे: धातूचा, ओला आणि सुका. झडपेजवळच्या तारेच्या वेटोळ्यातून बदलतं चुंबकीय क्षेत्र निघतं. धातू जवळ आला की त्यात भोवरी प्रवाह उठतात, आणि सेन्सरला सुगावा लागतो. पण पल्ला जेमतेम काही मिलिमीटर, त्यात ॲल्युमिनियमसाठी लोखंडाहूनही कमी. म्हणून धातूची डबी झडपेला टेकलीच पाहिजे. दुसरा सेन्सर ओलावा मोजतो. मग छोटी मोटर कप्पा फिरवते, झडप उघडते.

गंमत पुढे आहे. तळाशी घोटभर चहा उरलेला कागदी कप ओल्यात जातो. वाळलेली करवंटी, खरं तर ओल्या कचऱ्यातली, सुक्यात! आणि झडपेवर चहा सांडला, की पुढचं कोरडं वर्तमानपत्रही ओलंच. तेव्हा फडकं जवळ ठेवायचं.