करवत फिरते तेव्हा बांगड्या बाजूला
(प्रभागसंघाच्या सुतारकाम प्रशिक्षणात झालेले भाषण)

सावंतवाडीच्या गंजिफाला मोठं नाव आहे. अशा चित्रांच्या लाकडी चौकटी आपल्या गटांतही होऊ शकतात. त्यासाठी हे मायटर सॉ मशीन.

एका चौकटीला ४५ अंशांचे ८ काप लागतात. प्रत्येक काप अर्धा अंश चुकला, तर शेवटच्या कोपऱ्यात ४ अंशांची फट पडते. म्हणून आधी टाकाऊ पट्टीवर दोन काप मारा, जोडा, गुण्या लावून बघा. ९० भरले तरच चांगल्या लाकडाला हात लावा. पातं रेघेच्या टाकाऊ बाजूला धरा, कारण पात्याची जाडीही लाकूड खाते.

आता हाताचं. पदर खोचा, केस बांधा. बांगड्या आणि लांब मंगळसूत्र काढून ठेवा. घरी कोणी "सवाष्णीने बांगडी काढू नये" म्हणालं, तर सांगा, हात राहिला तर बांगडी राहील. हातमोजेही नकोत, ते पात्यात ओढले जातात. चष्मा मात्र हवाच.

पट्टी मागच्या आधाराला टेकवून क्लॅम्पने आवळा. हात पात्यापासून वीतभर लांब. बटण दाबा, पात्याला पूर्ण वेग येऊ दे, मग सावकाश खाली आणा. कापून झालं की बटण सोडा. पातं थांबल्यावरच वर उचला. लाईट गेली किंवा पातं बदलायचं असलं, तर आधी प्लग काढा.

मशीनवर एका वेळी एकच बाई, आणि तिच्याशी तेव्हा कोणी बोलायचं नाही. ऑर्डर उद्याची असली तरी घाई नको गो!