अक्षरांचे भांडार आणि भांडारी

(संस्थेच्या शिक्षक-मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर, वाचकांसाठी थोडा नीटनेटका करून)



मी संगणकाचा तज्ज्ञ नव्हे. बी.ए., बी.एड. झालेला, मराठी शिकविणारा एक शिक्षक आहे. परंतु संस्थेच्या कार्यालयातील संगणकावर प्रश्नपत्रिका, प्रमाणपत्रे, निमंत्रणपत्रिका आणि वर्षाकाठी ही स्मरणिका मांडण्याचे काम गेली काही वर्षे माझ्या गळ्यात पडले आहे. या कामात मी ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत, एवढ्याच हेतूने चार शब्द सांगतो. विषय आहे संगणकावरील फाँट, म्हणजे अक्षरांचे साचे, आणि त्यांची व्यवस्था.

हे काम अंगावर आले तेव्हा मला फाँट गोळा करण्याचा छंद जडला. कोणी सीडी दिली, कोणी पेनड्राइव्ह दिला, कोणी फुकटात उतरवून घेण्याची जागा सांगितली. जे मिळेल ते संगणकात घालीत गेलो. वर्षभरात तीन हजारांवर फाँट झाले. मला वाटे, केवढी ही श्रीमंती! प्रत्यक्षात मात्र यंत्र सुरू व्हायला वेळ लावू लागले, मांडणीचा कार्यक्रम उघडता उघडता चहा निवून जाई, आणि फाँटांची यादी इतकी लांबली की हवा तो सापडेपर्यंत काय लिहायचे तेच विसरून जावे. 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण मी वर्गात पुष्कळदा समजावून दिली होती. तिचा अर्थ मला त्या वर्षी समजला.

त्याच वर्षी स्मरणिकेत नववीच्या मुलींनी लिहिलेल्या उर्दू नज्मांचे एक पान होते. माझ्या पडद्यावर ते पान मोत्यांच्या सरीसारखे दिसत होते. छापखान्यात फाइल दिली, घाईत नमुनाप्रत पाहिली नाही आणि पाचशे प्रती छापून आल्या. उर्दूच्या पानावरील प्रत्येक अक्षर सुटे झाले होते आणि ओळी उलट्या दिशेने धावत होत्या. मी वापरलेला फाँट छापखान्याच्या यंत्रावर नव्हता, तेव्हा त्या यंत्राने आपल्याजवळचा दुसरा घातला. त्याला उर्दूची जोडाक्षरे ठाऊकच नव्हती. चूक छापखान्याची नव्हती. फाँट सोबत देणे माझे काम होते. स्मरणिका वाटली त्या दिवशी एक मुलगी ते पान घेऊन माझ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "सर, यातली माझी कुठली?" मला उत्तर देता आले नाही.

त्या प्रश्नाने मला विद्यार्थी केले. फाँट म्हणजे काय, येथून मी आरंभ केला. तुम्हीही तेथूनच आरंभ करा, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे.

संगणक अक्षर साठवीत नाही, तो क्रमांक साठवितो. त्या क्रमांकाला कोणते चित्र काढायचे हे फाँट सांगतो. आपल्या देवनागरीची पूर्वी पंचाईत अशी होती की जुन्या पद्धतीच्या फाँटांत सारा मिळून दोनशे छप्पन्न खणांचा संसार, आणि तोही मुळात रोमन लिपीसाठी मांडलेला. तेव्हा ज्या खणांत इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे असायची त्यांतच आपल्याकडच्या कारागिरांनी काना, मात्रा, वेलांट्या आणि अर्धी अक्षरे बसविली. मोठ्या हिकमतीचे काम ते! पण प्रत्येक कंपनीने खण आपापल्या मर्जीने भरले. त्यामुळे एका कंपनीच्या फाँटात लिहिलेला मजकूर दुसरीच्या फाँटात उघडला की निरर्थक चिन्हांची रांग दिसते.

यावर उतारा म्हणून युनिकोड आले. त्याची पहिली आवृत्ती १९९१ सालची. त्यात जगातील बहुतेक लिपींच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक दिले आहेत. आपल्या 'क'चा क्रमांक २३२५. तो पुण्यात, दुबईत, लंडनमध्ये, कोठेही 'क'च. विंडोज २००० बरोबर 'मंगल' नावाचा युनिकोड फाँट घरोघर पोहोचला. त्याचे रेखन आपल्या मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी यांचे. उर्दूची अडचण याहून मोठी होती. नस्तालीक वळणात अक्षरे उताराने एकमेकांच्या अंगावर येतात, म्हणून ते छापण्यासाठी बहुधा कातिबांच्याच हातावर विसंबावे लागे. मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीच्या सहकार्याने १९८१ साली सुमारे वीस हजार अक्षरजोडण्या तयार करून 'नूरी नस्तालीक' सिद्ध केले, तेव्हा ते यंत्रात आले. भारतात १९९४ पासून आलेल्या इनपेज या कार्यक्रमाने ते गावोगावच्या छापखान्यांत नेले. एवढ्या कष्टाने आलेली ही अक्षरे आपण बेफिकिरीने हाताळावीत, हे बरे नव्हे.

आता व्यवस्थेकडे वळू. ती मला शिकविली एका वयस्क जुळाऱ्यांनी. सारे त्यांना चाचा म्हणतात. आयुष्याचा पूर्वार्ध त्यांनी शिशाचे खिळे जुळविण्यात घालविला आणि उत्तरार्ध संगणकापुढे. माझी तीन हजारांची दौलत पाहून ते हसले आणि म्हणाले, "मास्तर, खिळ्यांच्या केसमध्ये प्रत्येक खिळ्याचा खण ठरलेला. छपाई झाली की प्रत्येक खिळा परत आपल्या खणात. जो जुळारी खिळे परत सोडीत नाही, त्याचा दुसरा दिवस वाया जातो." त्यांनी सांगितलेल्या आणि मी अनुभवाने पारखलेल्या गोष्टी क्रमाने मांडतो.

पहिली गोष्ट: भांडार वेगळे आणि ओटा वेगळा. सर्व फाँट यंत्रात बसवून ठेवू नका. त्यांचा एक स्वतंत्र कप्पा करा आणि यंत्रात फक्त नित्याचे पंधरा-वीस ठेवा. बाकीचे गरजेपुरते जागे करावेत आणि काम संपताच झोपवावेत. यासाठी फाँट सांभाळणारे कार्यक्रम मिळतात. फाँटबेस आणि नेक्ससफाँट विनामूल्य आहेत, मॅक यंत्रात फाँट बुक मुळातच असते. मात्र यंत्राचे स्वतःचे जे फाँट असतात त्यांना हात लावू नये. पडद्यावरील सूचना त्यांतूनच उमटतात.

दुसरी गोष्ट: जुळ्यांचा बंदोबस्त. फाइलचे नाव वेगळे आणि फाँटचे आतले नाव वेगळे असू शकते. यंत्र ओळखते ते आतल्या नावाने. एकाच नावाच्या दोन आवृत्त्या यंत्रात राहिल्या की कोणती वापरली जाईल याचा भरवसा नाही. दोहोंतील अक्षरांची रुंदी केसभर जरी निराळी असली तरी ओळी सरकतात आणि सोळाव्या पानाचा शेवट सतराव्यावर जातो. माझ्या तीन हजारांत अशी जुळी शेकड्यांनी निघाली. एक ठेवावी, दुसरी 'जुने' या कप्प्यात टाकावी. पुसून मात्र टाकू नये. का, ते शेवटी सांगतो.

तिसरी गोष्ट: वर्गवारी. प्रथम लिपीप्रमाणे: देवनागरी, उर्दू-अरबी, रोमन. नंतर देवनागरीत युनिकोड आणि जुन्या पद्धतीचे, असे दोन भाग. त्यानंतर कामाप्रमाणे: मजकुराचे, मथळ्याचे, शोभेचे. कंपनीच्या नावाने किंवा नुसत्या वर्णानुक्रमाने लावलेले फाँट सापडत नाहीत, कारण आपण शोधतो ते काम, नाव नव्हे.

चौथी गोष्ट: परीक्षा. शिक्षकांना ही आवडेल! प्रत्येक नव्या फाँटकडून एक ठराविक उतारा लिहून घ्यावा आणि त्याची छापील प्रत वहीत लावावी. माझ्या उताऱ्यात वाऱ्यावर, तऱ्हा, ऱ्हास, शुद्ध, ब्राह्मी, ज्ञान, क्षमा, श्रम, वर्षं, ऑगस्ट हे शब्द आणि सर्व अंक आहेत. 'वाऱ्या'तील आडवा अर्धा र येतो की नाही, रफारावर अनुस्वार नीट बसतो की नाही, हे पडद्यावर नव्हे, कागदावर कळते. 'ल' आणि 'श' विशेष पाहावेत. पुष्कळ फाँटांत ते हिंदी वळणाचे असतात. महाराष्ट्र शासनाने वर्णमालेविषयी निर्णय काढून मराठी वळण ठरवून दिले आहे. काही फाँटांत दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे कार्यक्रमाला सांगितले की आपले वळण उमटते. पहिलीच्या मुलाने फळ्यावर एक 'ल' आणि प्रश्नपत्रिकेत दुसरा 'ल' पाहावा, हे योग्य नाही.

पाचवी गोष्ट: हक्काची. फाँट हेही कोणाच्या तरी कष्टाचे फळ आहे. पैसे देऊन घ्यायची वस्तू चोरून घेणे आणि त्याच अक्षरांत प्रामाणिकपणाचे सुविचार छापणे शोभत नाही. आता त्याची गरजही उरलेली नाही. मुंबईच्या एक टाईप या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू', गूगलचे 'नोटो' देवनागरी आणि 'नोटो नस्तालीक उर्दू' हे खुल्या परवान्याचे आहेत. शाळेने ते निःशंक वापरावेत. परवान्याचा कागद त्या त्या फाँटच्या कप्प्यातच ठेवावा.

सहावी गोष्ट: मुलीला सासरी पाठविताना जशी शिदोरी बांधून देतात, तशी फाइल छापखान्यात पाठविताना फाँटची शिदोरी द्यावी. इनडिझाइनमध्ये सर्व फाँट व चित्रे एकत्र बांधून देण्याची सोय आहे. परवान्यात तशी मुभा आहे का, तेवढे पाहावे. पीडीएफ केली असेल तर फाँट तिच्या पोटात भरले गेले आहेत याची खात्री करावी. कोरलड्रॉमध्ये अक्षरांची रेखाचित्रे करून देता येतात. पण त्यानंतर शब्द दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ फाइल निराळी जपावी. आणि नमुनाप्रत, बंधूंनो, नमुनाप्रत पाहिल्याखेरीज छपाईला होकार देऊ नये.

आता राहिलेले उत्तर. जुने फाँट पुसू का नयेत?

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने आमच्या भागात काय केले ते तुम्ही जाणता. कार्यालयातील कपाटे पाण्याखाली गेली. जुन्या स्मरणिका, पावतीपुस्तके, इतिवृत्ते यांचा लगदा झाला. पुढे मुलींच्या वसतिगृहाच्या आरंभीच्या देणगीदारांची नावे भिंतीवर लावावीत असे ठरले, तेव्हा यादी कोणाजवळच निघेना. एका सभासदाच्या घरी माळ्यावर १९९९ सालची एक सीडी मिळाली. फाइल उघडली, तर पानभर परकी चिन्हे! फाँटचे नाव तेवढे दिसत होते, फाँट नव्हता. युनिकोडमध्ये बदल करून देणारे कार्यक्रम आहेत, पण आधी कोणत्या फाँटचे खण कसे भरले आहेत हे त्यांना ठाऊक असावे लागते. हा फाँट त्यांच्या यादीत नव्हता. माझ्याकडे तो बहुधा असावा. परंतु उर्दूच्या प्रकरणानंतर रागाच्या भरात मी जुने कप्पे साफ पुसून टाकले होते.

मी चाचांकडे गेलो. त्यांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. प्रत्येक कामाचे एक पाकीट, त्यात सीडी, सीडीवर काम आणि कामात वापरलेले फाँट, वर चिठ्ठी आणि तारीख. पंधरा मिनिटांत तो फाँट सापडला. माझ्या यंत्रात तो जागा केला आणि चिन्हांची माणसे झाली. चौसष्ट नावे होती. कोणी अकरा रुपये दिलेले, कोणी चिऱ्यांची एक गाडी, एकीने हातातली एक बांगडी. त्यांपैकी बहुतेक आज हयात नाहीत आणि ज्यांची मुले-नातवंडे येथे आहेत त्यांनाही हे ठाऊक नव्हते. ती यादी मी त्याच रात्री युनिकोडमध्ये उतरविली, दोघांकडून ताडून घेतली आणि तीन ठिकाणी ठेवली.

काळ कोणासाठी थांबत नाही. पोस्टस्क्रिप्ट टाईप वन हा १९८४ सालचा प्रकार कित्येक वर्षे छापखान्यांचा कणा होता. अ‍ॅडोबी कंपनीने आपल्या कार्यक्रमांतील त्याचा आधार जानेवारी २०२३ पर्यंत काढून घेतला. जे आज उघडते ते उद्या उघडेलच असे नाही. म्हणून माझी विनंती अशी आहे. तुमच्या घरी संस्थेच्या जुन्या कामाची सीडी, फ्लॉपी, काही असेल तर कार्यालयात आणून द्या. ज्या शाळेत संगणक आहे तेथे फाँटांची एक नोंदवही ठेवा: नाव, कोठून आणला, परवाना, कोणत्या कामात वापरला. नवे लेखन युनिकोडमध्येच करा. आणि दहावी झालेल्या मुलामुलींना हे काम शिकवा. त्यात पोट भरण्याची सोय आहे आणि शिस्तही आहे.

त्या नववीतल्या मुलीची नज्म पुढील वर्षीच्या स्मरणिकेत आम्ही पुन्हा छापली. या वेळी नमुनाप्रत तिलाच वाचायला दिली. तिने एक नुक्ता राहिल्याचे दाखविले. तो घातला आणि मगच छपाईला होकार दिला.