चालीरीत आणि श्रद्धा

(आपल्या समाजसंघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून दिले आहे.)



चिटणीस महाशयांनी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी त्यांना म्हणालो की मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, खेड्यापाड्यांतील प्राथमिक शाळांत आयुष्य घालवलेला मनुष्य. विद्वत्तेचे व्याख्यान माझ्याच्याने व्हावयाचे नाही. त्यावर ते म्हणाले, "मास्तर, विद्वत्ता नको, पाहिलेले सांगा." तेव्हा जे पाहिले तेच आपणांपुढे ठेवतो.

माझ्या नोकरीची निम्मी वर्षे घाटावर गेली आणि निम्मी घाटाखाली. बाहेरच्या मनुष्यास या दोन शब्दांचा अर्थ कळावयाचा नाही. आपणांस तो सांगावा लागत नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेने आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. राजूरचा किंवा बोथ्याचा घाट उतरले की हवा बदलते, भाषा बदलते, ताटातले पदार्थ बदलतात. खाली पूर्णेचे खोरे, मलकापूर-नांदुरा-शेगावची आगगाडी, खामगावची कापसाची पेठ. वर चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार आणि तेथून पुढे मराठवाडा. खालचा मनुष्य 'मले-तुले' म्हणतो, तर मराठवाड्याकडचा 'मला-तुला' म्हणतो. मलकापूरकडे खानदेशचे वळण, म्हणून तेथे कळण्याची भाकर आणि हिवाळा लागला की वांग्याचे भरीत. एकाच जिल्ह्यात, एकाच जातीत इतके वेगळेपण आहे. शिक्षक म्हणून मला त्याचे नेहमी कौतुक वाटत आले. परंतु सोयरीक जुळवू लागलो की हेच कौतुक अडचण होऊन पुढे उभे राहते, असा माझा अनुभव आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या मध्यस्थीने एक स्थळ आले होते. मुलगा घाटावरचा, शेती आणि शिवणाचे दुकान असलेला. मुलगी घाटाखालची, शिकलेली, कामसू. दोन्ही घरे सुशील. सर्व ठरत आले आणि मुलाकडील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मान हलवली. "घाटाखालची मुलगी, रीतभात वेगळी, आपल्या देवधर्मात कशी बसावी?" एवढ्यावर बोलणे मोडले. मुलीचे पुढे चांगल्या ठिकाणी लग्न झाले. मुलगा अद्याप अविवाहित आहे, आणि तेच घर आता परजिल्ह्यात, इतकेच नव्हे तर परप्रांतातही मुलगी शोधीत आहे. कोणास दूषण देण्यासाठी हे मी सांगत नाही. अशी घरे आज प्रत्येक गावात दोनचार आहेत, हे येथे बसलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. प्रत्येक हरकत मूर्खपणाचीच असते असे नाही. पूर्णेच्या काठी खारपाणपट्टा आहे. तेथील विहिरींचे पाणी खारे. पिढ्यान् पिढ्या बायाबापड्यांनी गोड पाण्यासाठी कोसभर पायपीट केली. अशा गावी मुलगी देताना बापाने विचार केला तर तो त्याचा हक्कच होय. पाण्याची चिंता ही मुलीची चिंता आहे. परंतु 'आमच्याकडे असे चालत नाही' या चार शब्दांत मुलीची चिंता कोठे आहे, हे मला अनेकदा शोधूनही सापडले नाही.

आपल्या पूर्वजांचे वर्तन याहून उदार होते. वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांच्या कारभारात गेला. जालना-परभणीचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाकडे राहिला. देऊळगाव राजाचा व्याही जालन्याचा असेल तर मधे दुसऱ्या राज्याची सरहद्द होती, तिकडे नाणेसुद्धा वेगळे, हाली शिक्क्याचे. तरीही मुली दिल्या-घेतल्या, बैलगाड्या गेल्या-आल्या. त्यांना राज्याची सरहद्द आड आली नाही, आणि आपणांस एका तासात एस. टी. ने उतरून होणारा घाट आड यावा, हे शोभत नाही.

आता 'देवधर्मात कशी बसावी' या प्रश्नाकडे वळतो. चालीरीत आणि श्रद्धा या दोन गोष्टी आपण एकाच गाठोड्यात बांधून ठेवल्या आहेत, येथे सारा घोटाळा होतो. परिचयातील एका घरची हकीकत सांगतो. घाटावरच्या त्या घरात खंडोबाचे कुळाचार. चातुर्मासात वांगे वर्ज्य, ते चंपाषष्ठीला देवास भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावरच खावयाचे. सून आली मलकापूरकडची. कार्तिकात बाजारात कोवळी वांगी दिसली, तिने हौसेने भरीत केले. सासूबाईंनी ताट दूर सारले आणि तीन दिवस सुनेशी बोलल्या नाहीत. सुनेला आपले काय चुकले हेच कळेना. कोणी सांगितलेच नव्हते. चौथ्या दिवशी सासरे म्हणाले, "अगं, तिला खंडोबा ठाऊक आहे, आपलं पंचांग ठाऊक नाही. पंचांग शिकवता येतं." पुढे चंपाषष्ठी आली, तेव्हा सासूबाईंनीच सुनेला हाक मारली आणि भरीत तिच्या माहेरच्या पद्धतीने करावयास सांगितले. देवाने ते स्वीकारले नाही असे काही कोणाच्या अनुभवास आले नाही. आज त्या घरात नियम सासरचा आणि चव माहेरची, अशी चंपाषष्ठी होते.

या लहानशा गोष्टीत मला मोठा अर्थ दिसतो. वांगे कधी खावे ही रीत. देवाला दिल्याशिवाय आपण घेऊ नये ही श्रद्धा. रीत गावागणिक बदलते, श्रद्धा बदलत नाही. जो रीतीसाठी मनुष्य तोडतो, त्याने श्रद्धेचे काय राखले याचा त्याने स्वतःशीच विचार करावा.

आपला धंदा शिवणकामाचा. माझे वडील आठवडी बाजारात यंत्र घेऊन बसत. ते म्हणत, गिऱ्हाइकाचे माप त्याच्याच अंगावर घ्यावे लागते. शिंप्याने स्वतःच्या अंगाचे माप धरून कापड बेतले तर कापड जाते आणि गिऱ्हाईकही जाते. रमजानच्या शेवटच्या दिवसांत त्यांच्याकडे मुसलमान शेजाऱ्यांच्या मुलांच्या कपड्यांची रास पडे. चंद्र दिसल्याची बातमी आली की ते हरिपाठ आटोपून पुन्हा यंत्रावर बसत आणि मध्यरात्र उलटली तरी काजे करीत. आई रागावली तर म्हणत, "सकाळी पोरं नवे कपडे घालतील ना!" त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. त्या माळेस त्या रात्रीने काही बाध आला, असे त्यांना कधी वाटले नाही.

आणि हे काही एकाच घराचे वैशिष्ट्य नव्हे. आपल्या जिल्ह्याची मातीच तशी आहे. पिंपळगाव सराईच्या सैलानी बाबांच्या यात्रेत होळी पेटते, तीत नारळ अर्पण होतात, पुढे संदल निघतो, आणि नवस फेडण्यास हिंदू-मुसलमान दोघेही येतात. २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, तेव्हा महाराष्ट्रात अनेक ठिकाणच्या मुस्लिम बांधवांनी एकादशीच्या दिवसाची कुर्बानी आपणहून पुढे ढकलली. त्यांच्या धर्मात त्यामुळे उणेपणा आला नाही. शेजारधर्मात मात्र भर पडली. शेगावी १८७८ साली गजानन महाराज लोकांच्या दृष्टीस पडले ते उष्ट्या पत्रावळींतील शिते वेचून खाताना, असे परंपरा सांगते. ज्या संताच्या दर्शनाला आपण रांगा लावतो, त्याने अन्न कोणाच्या पत्रावळीवरचे हे विचारले नाही. आपण मात्र भाकर कोणत्या तऱ्हेची यावर सोयरीक मोडतो!

परंतु मला सर्वांत अधिक आधार वाटतो तो आपल्याच नामदेव महाराजांचा. त्यांचे नाव आपण पाटीवर लिहितो, कमानीवर लिहितो. त्यांच्या आयुष्याचा मार्ग कोठून कोठे गेला पाहा. १२७० साली जन्मलेला हा शिंप्याचा मुलगा पंढरपुराहून निघून पंजाबात घुमानपर्यंत गेला. तेथील भाषा निराळी, पोशाख निराळा, अन्न निराळे. तरी तेथील लोकांनी त्यांना इतके आपले मानले की शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे समाविष्ट झाली. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले ते याच नात्याने.

दुसरी गोष्ट तर आपल्या दाराशीच आहे. देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मगाव मानले जाते. जातीमुळे त्यांना पंढरीच्या देवळाची पायरी चढू दिली नाही. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळले आणि चोखोबा इतर मजुरांसह त्याखाली गेले. त्या ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी वेचून आणावयास कोण गेले? आपले नामदेव महाराज. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची, अशी कथा आहे. त्या अस्थी पंढरपुरी आणून महाद्वारासमोर त्यांनी समाधी केली. आत जाण्याचा हक्क ज्याला मिळाला नाही, त्याला निदान दारात जागा मिळाली. त्याच दारात नामदेवांचीही पायरी आहे. ते दार सर्वांसाठी उघडण्यास पुढे सहाशे वर्षे लागली. १९४७ साली साने गुरुजींना त्यासाठी उपोषण करावे लागले. गुरुजी आमच्यासारखेच शाळामास्तर होते, याचा मला अभिमान वाटतो.

नामदेवांचे वंशज म्हणवून घ्यावयाचे तर त्यांच्या चालीने दोन पावले तरी चालले पाहिजे. म्हणून संघाच्या कार्यकारिणीपुढे मी तीन विनंत्या ठेवतो. पहिली, वधूवर परिचयाच्या पत्रकात 'घाटावरचेच' किंवा 'घाटाखालचेच' स्थळ पाहिजे अशी अट छापू नये. घरातील पाणी, शौचालय, मुलाचे व्यसन, मुलीच्या शिक्षणाची इच्छा यांची चौकशी खुशाल करावी. ती करण्याची लाज वाटू नये. दुसरी, परजिल्ह्यातून वा परप्रांतातून जी मुलगी सून म्हणून येईल, तिला पहिल्या वर्षी घरातील रीत कोणी तरी गोडीने सांगावी, आणि वर्षातील एक सण तिच्या माहेरच्या पद्धतीने करावा. ज्या मुलीची भाषासुद्धा आपणांस कळत नाही, तिच्याशी आपण कसे वागतो यावरून या समाजाची श्रद्धा उद्या ओळखली जाईल. तिसरी विनंती काहींना जड वाटेल, तरी बोलतो. आषाढ वद्य त्रयोदशीस आपण नामदेव महाराजांची पुण्यतिथी करतो, पंगत घालतो. ती पंगत जातीपुरती न ठेवता गावातील सर्वांना बोलवावे, आणि नामदेवांच्या नावापाठोपाठ चोखोबांचे नाव घ्यावे. त्यांच्या अस्थी आपल्या संताने स्वतःच्या हातांनी आणल्या. त्यांच्या माणसांना आपल्या पंगतीत बसविणे त्यापुढे काहीच नाही.

वेळ बराच झाला आहे आणि भोजनाची तयारीही झाली असावी. मी रजा घेतो.

रामकृष्ण हरी.