तेरचे कापड आणि इजिप्तची वाळू
(हीरकमहोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव महाराष्ट्राला संत गोरोबाकाकांमुळे ठाऊक आहे. परंतु गोरोबांच्याही कितीतरी शतके आधी, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, इजिप्तमधील एका ग्रीक व्यापाऱ्याने या गावाचा उल्लेख 'तगर' या नावाने करून ठेवला. पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे नगर आहे, तेथून जाडेभरडे कापड आणि तलम वस्त्रे गाड्यांवर लादून बिकट वाटांनी भडोचच्या बंदरात जातात, असे तो सांगतो. भडोचहून ती गलबतांत चढत आणि तांबड्या समुद्रातून इजिप्तला पोहोचत.

तेरच्या संग्रहालयात त्या काळच्या मातीच्या मूर्ती आहेत, हस्तिदंती बाहुली आहे. कापड मात्र नाही. काळी जमीन आणि दरवर्षीचा पाऊस यांच्यापुढे सुती धागा किती टिकणार! जे आपल्या मातीने गिळले, ते इजिप्तच्या कोरड्या वाळूने सांभाळले. म्हणूनच भारतीय वस्त्राचा प्राचीन इतिहास शोधणाऱ्याला इजिप्तच्या चिंध्या चाळाव्या लागतात.

या चिंध्यांना मान मिळायला फार वेळ लागला. एकोणिसाव्या शतकात युरोपात ममी उलगडण्याचे जाहीर कार्यक्रम होत आणि पट्ट्यांचे तुकडे आठवण म्हणून प्रेक्षक घरी नेत. त्या पट्ट्या बहुधा घरातील जुन्या चादरी नि कपडे फाडून केलेल्या असत. आपल्याकडे जुन्या लुगड्यांची गोधडी होते, तसाच प्रकार. बडोद्याच्या संग्रहालयात सयाजीराव महाराजांच्या काळी आलेली ममी ज्यांनी पाहिली असेल, त्यांनी पुढच्या वेळी तिच्या भोवतालचे कापडही नीट पाहावे. जवसाच्या झाडाच्या सालीपासून काढलेल्या धाग्याचे, म्हणजे लिननचे, कापड इजिप्तमध्ये हजारो वर्षे विणले गेले.

लंडनच्या पेट्री संग्रहालयातील एका अंगरख्याची हकीगत या संदर्भात सांगण्याजोगी आहे. फ्लिंडर्स पेट्री यांनी १९१३ साली तारखान येथील दफनभूमीत मळक्या कापडांचे एक गाठोडे मिळवले. ते तसेच पडून राहिले. १९७७ साली ते स्वच्छ करण्यासाठी सोडले, तेव्हा त्यातून चुण्यांच्या बाह्यांचा अंगरखा निघाला. कोपरांशी आणि काखेत वळ्या पडलेल्या होत्या. कोणीतरी तो खरोखर अंगात घातलेला होता. पुढे कार्बन परीक्षणाने त्याचा काळ इसवी सनापूर्वी ३४८२ ते ३१०२ यांच्या दरम्यानचा ठरला. विणलेल्या वस्त्रांपैकी जगातील सर्वांत जुना पोशाख चौसष्ट वर्षे गाठोड्यात होता, आणि हे गाठोडे कोणी फेकून दिले नाही एवढेच त्याचे नशीब.

आता प्रश्न असा, की इजिप्तमध्ये सापडलेले सुती कापड भारतातले, हे ओळखायचे कसे? येथे सर्वांत मोठा साक्षीदार म्हणजे सुताचा पीळ. जवसाचा तंतू ओला झाला की स्वभावतःच एका बाजूला वळतो. इजिप्तच्या कातकऱ्यांनी त्याच दिशेचा पीळ धरला आणि कापूस हाती आल्यावरही हाताची सवय सोडली नाही. भारतातील सूत उलट दिशेला पिळलेले असे. भिंगाखाली ठेवले, की इंग्रजी 'एस' आणि 'झेड' या अक्षरांच्या मधल्या तिरक्या रेषेप्रमाणे दोन पीळ वेगळे दिसतात. हातातील चातीची एक सवय दोन हजार वर्षे बोलत राहते!

तांबड्या समुद्रावरील बेरेनिके बंदरात १९९४ पासून उत्खनन झाले. तेथे जॉन पीटर वाइल्ड आणि फेलिसिटी वाइल्ड या दांपत्याने याच पिळावरून भारतीय सुती कापड ओळखले. त्यात शिडाच्या कापडाचे तुकडेही होते. त्याच बंदरात तमिळ-ब्राह्मी अक्षरे कोरलेले खापर मिळाले. ते आश्चर्याचे नाही, कारण तोच ग्रीक व्यापारी 'अर्गरू'च्या तलम कापडाचीही नोंद करतो. अभ्यासक त्याला चोळांची जुनी राजधानी उरैयूर मानतात, आणि उरैयूर आज तिरुचिरापल्ली शहरात आहे. कुंभकोणमजवळ तिरुक्करुगावूरला गर्भरक्षांबिकेच्या दर्शनाला जाणारी मराठी कुटुंबे तिरुचिरापल्लीहून तंजावरमार्गे निघाली, तर त्यांची वाट या जुन्या कापडपेठेतूनच सुरू होते.

मध्ययुगातील साक्ष अधिक भरघोस आहे. जुन्या कैरोतील फुस्तात येथे ठशांनी छापलेल्या, नीळ आणि मंजिष्ठ वर्गाच्या लाल रंगात रंगवलेल्या सुती चिंध्या मोठ्या संख्येने निघाल्या. १९३८ साली फिस्टर यांनी त्यांचा संबंध गुजरातशी जोडला. पर्सी न्यूबेरी यांनी जमवलेले असे सुमारे बाराशे तुकडे १९४६ साली ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाला मिळाले. रूथ बार्न्स यांनी त्यांची सूची १९९७ साली प्रसिद्ध केली. कार्बन परीक्षणाने काही तुकडे दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत मागे गेले. हे राजवस्त्र नव्हे. त्यांवर शिवण आहे, ठिगळे आहेत. साध्या माणसांनी ते वापरून विटवले.

पण या संग्रहाला एक मोठी उणीव आहे. त्यातील बहुतेक तुकडे बाजारातील व्यापाऱ्यांकडून घेतलेले. नक्षीदार भाग विकला जातो, म्हणून विक्रेते मोठे कापड कापत. कोणत्या थरातून ते आले, शेजारी काय होते, याची नोंद नाही. संग्राहकांनी ते वाचवले हे खरे, आणि त्यांच्याच मागणीने ते कापलेही गेले, हेही खरे. बेरेनिकेच्या साध्या, नक्षीहीन तुकड्याला थराची नोंद आहे, म्हणून त्याचे मोल अभ्यासकाला काकणभर जास्तच वाटते.

तगरहून निघालेल्या गाड्यांतील एखादा धागा बेरेनिकेच्या त्या तुकड्यांत असेलही. पीळ भारत सांगतो, गाव सांगत नाही.